मदत हवी: निरोगी लोकांच्याच रक्तात कण जास्त येऊन राहिले

पळसफूल: एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, सोमवारी सरांना दाखवायचं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी रक्तात सूक्ष्म कण सोडतात, सिकलसेलमध्ये ते वाढतात, असं वाचूनच विषय घेतला. फ्लो सायटोमीटरवर (लेझरनं कण मोजायचं मशीन) माझं उलटंच. निरोगी लोकांत जास्त! मशीन ठीक आहे. काय चुकलं? लवकर सांगा.

ठेचा_भाकर: मार्कर, म्हणजे कण कोणत्या पेशीचा ते ओळखायची खूण, कोणता लावला? रक्त कसं आणलं?

पळसफूल: सीडी31. अस्तराचाच आहे तो. रक्त नेहमीसारखंच.

ठेचा_भाकर: "नेहमीसारखं" म्हणजे कसं बाप्पा?

धानवाले_काका: बेटा, लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासाव. दोघं वाहक निघाले तर दरवेळी मूल सिकलसेलचं होण्याची शक्यता 25 टक्के.

पळसफूल: काका, लग्न नाही, प्रोजेक्ट आहे.

एक्सोसोमवाला: सरळ अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरव, 1,00,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट). एक्सोसोम खाली बसतील. बाकी सगळा कचरा.

काचपट्टी_ताई: सगळ्या आजारावर तुमचा एकच काढा! एक्सोसोम पेशीच्या आत एका थैलीत तयार होतात. थैली बाहेरच्या पडद्याला जाऊन मिळाली की सुटतात. साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे; साध्या फ्लोला त्यातले बहुतेक दिसतच नाहीत. हिला दिसतात ते पडद्यावरूनच तुटलेले मोठे कण. टीएनएफसारख्या दाहक रसायनानं पेशी डिवचली की आत कॅल्शियम वाढतं, पडद्याच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेद बाहेर येतं, खालचा सांगाडा सुटतो. मग भाजताना पापडाला येतो तसा फोड येतो. फक्त हा फोड तुटून रक्तासोबत निघून जातो.

एक्सोसोमवाला: म्हणजे कचराच ना.

काचपट्टी_ताई: त्याच कचऱ्यावर रक्त गोठतं, भाऊ. पळसफूल, सीडी31 प्लेटलेटवरही असतं. प्लेटलेट ओळखायचं सीडी41 लावलं होतं का?

पळसफूल: नाही 😐

ठेचा_भाकर: आता तरी सांग, रक्त आणलं कसं?

पळसफूल: पेशंटचं लॅबशेजारच्या दवाखान्यातलं, तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. निरोगी लोकांचं एटापल्लीकडच्या शिबिरातलं. मे महिना, म्हणून बर्फाच्या डब्यात घालून लाल डब्यानं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा फिरवलं नि फ्रीझरमध्ये.

ठेचा_भाकर: हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं ना!

लालडबा: बर्फ कमी पडला असन. अजून टाकाव.

काचपट्टी_ताई: नाही हो. थंडीनं प्लेटलेट चाळवतात. त्यात रात्रभराचे हादरे. प्लेटलेटच कण सोडत बसल्या. 1967 मध्ये पीटर वुल्फनं यालाच प्लेटलेटची धूळ म्हटलं होतं. तू धूळ मोजली. उरलेल्या प्लेटलेट गोठवताना-वितळवताना फुटल्या ते वेगळंच.

पळसफूल: गोठवलेल्यातून काही वाचवता येईन का?

काचपट्टी_ताई: तुलनेसाठी नाही. निरोगी नमुने त्याच दवाखान्यात घे, पेशंटसोबतच. सायट्रेटची (रक्त गोठू न देणारी) निळ्या बुचाची नळी, पहिलं थोडं रक्त बाजूला. बर्फ नको, नळी उभी, हलवू नको. तासाभरात 2500 जी वर 15 मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढ, तळाला हात लावू नको. परत तसंच फिरव, मगच फ्रीझर. मोजताना सीडी31 असलेले पण सीडी41 नसलेले कण पकड. जमलं तर सीडी144ही, तो अस्तराचा मार्कर प्लेटलेटवर नसतो.

पळसफूल: आणि सोमवार?

ठेचा_भाकर: सोमवारी सरांना लाल डब्याची गोष्ट सांग.

लालडबा: त्या रूटवर आता सकाळचीही गाडी आहे का? मला जायचं होतं.