मदत हवी आहे: गोव्यात कदंबने (सरकारी बसने) आणि पायी जाऊन काजूची भट्टी कशी पाहावी?

मांडवीकाठ
पणजीहून काजूची भट्टी पाहायला जायचे आहे. बाटल्या मांडलेले दुकान नको. बोंडू (काजूची फळे) मळण्यापासून हुर्राक (त्यांच्या रसाची पहिल्या धारेची दारू) गळेपर्यंतचे काम जिथे प्रत्यक्ष चालते, अशी गावातली भट्टी हवी. आमच्याकडे गाडी नाही आणि माणशी पाचशे रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. एका सहल आयोजकाने सांगितलेला दर ऐकून मी फोनच ठेवला. कुठे उतरावे आणि पुढे किती चालावे, एवढेच कृपया नेमके सांगावे. दोन दिवसांत ठरवायचे आहे.

सत्तरीकर
आपण कधी येणार आणि सोबत कोण आहे, हे कळल्याशिवाय नेमके सांगणे कठीण आहे. आमच्या घरची भट्टी होती, म्हणून एवढे सांगू शकतो की पणजीहून साखळीमार्गे आमच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला यावे आणि तिथून ठाणे किंवा हिवरे भागातली बस धरावी. आतल्या गावांना बसगाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे वाळपईच्या स्थानकावर उतरताक्षणी परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्यावी. पुढे गावातल्या दुकानात चौकशी केली की भट्टी कुणाची पेटली आहे ते लगेच कळते.

काणकोणकार
सत्तरीपर्यंत दोन-तीन बस बदलण्यापेक्षा काणकोण सोयीचे आहे. पणजीहून मडगावची शटल घ्यावी, मडगावहून करमल घाटाने चावडी या काणकोणच्या मुख्य गावी उतरावे आणि खोतीगावच्या बाजूला जावे. वाटेतली झाडीच अर्धी सहल आहे.

सत्तरीकर
काणकोणकार भाई, पणजीहून काणकोणलाही बस बदलावीच लागते आणि चावडीहून पुढे आणखी एक. अंतर तर आमच्यापेक्षा जास्तच आहे.

नाशिकची_सून
मी नाशिकच्या वायनरी स्वस्तात पाहिल्या आहेत. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च असतो आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरी शहरापासून फार लांब नाहीत. तिथे फेरी आणि चव दोन्हींची नीट व्यवस्था असते. आपण त्याचाही विचार करावा.

मांडवीकाठ
ताई, आभारी आहे, पण मला नाशिकला जायचे नाही. सोबत माझे मामा आहेत, वय ६८. ते सोलापूरला रसायनशास्त्र शिकवत असत. ऊर्ध्वपातन आयुष्यभर फळ्यावर काढले, एकदा मातीच्या भांड्यात पाहायचे आहे, असे ते दोन वर्षे म्हणत आहेत. सपाटीवर तीन किलोमीटर चालतात, चढ जमत नाही.

वाचनवेडा
काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली राज्य सरकारने फेणीला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. काजूचे झाड मात्र पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले आहे, हेही मामांना अवश्य सांगावे.

सत्तरीकर
माहिती योग्य आहे, परंतु त्यांनी वाट विचारली आहे. मांडवीकाठ, मामांना पाहायचे आहे ते पाहायला मिळेल. भाण म्हणजे तांब्याचे किंवा मातीचे मोठे भांडे. त्यातून निघालेली वाफ नळीने लावणीत उतरते. लावणी हे मातीचे गोल मडके असते आणि ते गार राहावे म्हणून एक माणूस सतत त्याच्यावर पाणी ओतत बसतो. आमचे आजोबा हे काम करताना बोलत नसत, कारण हात थांबला की वाफ वाया जाते. अलीकडे अनेकांनी पाण्याच्या टाकीत नळीचे वेटोळे बसवले आहे, म्हणून लावणी आहे का, हे आधी विचारावे. तारीख मात्र आपण अजूनही सांगितलेली नाही.

मांडवीकाठ
जूनचा पहिला आठवडा. मामांचे तिकीट काढून झाले आहे.

काणकोणकार
मग खोतीगावही नको आणि ठाणेही नको. बोंडू मार्चपासून मेपर्यंत पडतात. जूनला भट्टी विझलेली असते आणि पावसात वाटेवर चिखल असतो. त्या काळात हवे असल्यास दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत माडाची फेणी पाहावी. रेंदेराने (माडावर चढून ताडी काढणाऱ्याने) काढलेल्या सुरेपासून, म्हणजे माडाच्या ताडीपासून, होत असल्याने ती काजूच्या हंगामावर अवलंबून नसते.

सत्तरीकर
येथे मी काणकोणकार भाईंशी पूर्ण सहमत आहे. तिकीट बदलणे शक्य असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात यावे. रविवार टाळावा, कारण बसगाड्या कमी धावतात.

कळंगुटवासी
एवढा त्रास कशाला? कांदोळीला मद्याचे संग्रहालय आहे, पणजीहून कळंगुटकडच्या बसने जाता येते.

मांडवीकाठ
संग्रहालयात वाफ दिसणार नाही. मामांशी आताच बोललो, ते तिकीट बदलून ६ मेला येत आहेत. वाळपईच ठरवले आहे. चव घेतली तर चालेल का?

सत्तरीकर
थोडी घ्यावी, पण चालून झाल्यावर आणि सावलीत बसून. हुर्राक फेणीपेक्षा सौम्य असला तरी उन्हात लवकर चढतो. पणजीहून पहिल्या बसने निघावे, म्हणजे बोंडू मळताना पाहायला मिळतील. मळलेल्या चोथ्यावर दगड ठेवून रात्रभर गळलेला नीरो (ताजा रस) सकाळीच प्यावा, तो दुपारपर्यंत आंबू लागतो. घरी नेण्यासाठी बंद बाटलीत मात्र भरू नये, बसमध्ये झाकण उडते.