मदत हवी आहे: गर्भाशय लहान, पोटही बिघडलेलं. फलघृताची मात्रा सांगा

होटगीरोडवाली
धाकट्या बहिणीच्या सोनोग्राफीत गर्भाशय लहान आलंय, हायपोप्लास्टिक लिहिलंय. पोटाचाही त्रास आहे. फुगतं, गडगडतं, दिवसातून तीनचारदा पातळ होतं. डॉक्टर नुसत्या तपासण्या लिहून देतात. मला आयुर्वेदिकच हवंय. फलघृत (गर्भाशयासाठी देतात ते औषधी तूप) किती घ्यायचं, किती दिवस, सोबत कुमार्यासव चालेल का, एवढंच सांगा की ओ. उद्या दुकानात जायचंय.

तूपसाखर
फलघृत ५ ग्रॅम, सकाळी उपाशीपोटी कोमट दुधातून. पचलं तर आठवड्याने १० ग्रॅम. रात्री शतावरी कल्प. पाळीच्या चार दिवसांत बंद ठेवायचं, पुन्हा सुरू. निदान तीन पाळ्या तरी.

काढेवाला
पातळ होतंय आणि तुम्ही तूप पाजताय? जिभेवर पांढरा थर, जेवल्यावर जडपणा, शौच चिकट असेल तर ती सामावस्था, म्हणजे न पचलेला आम साठलेला. आधी पाचन, मग स्नेहन. नाहीतर तूप जसंच्या तसं बाहेर पडतं आणि उरलीसुरली भूकही जाते. कुमार्यासव तर नकोच. त्यात कोरफड आहे, जुलाब वाढतील.
ताई, वय किती? गर्भाशयाची मापं? पाळी किती दिवसांनी येते?

होटगीरोडवाली
वय १८. मापं ३.२ × १.१ × ०.९ सेंमी. ओव्हरी नीट दिसल्या नाहीत म्हणे. आणि पाळी अजून आलीच नाहीये, म्हणून तर सोनोग्राफी केली ना.

तपासनीस
ही ओळ सगळ्यात वर हवी होती!
या वयात गर्भाशय साधारण ७ ते ८ सेंमी लांब असतं. ३.२ म्हणजे वाढ सुरूच झालेली नाही. ती सुरू होते इस्ट्रोजेन या हॉर्मोनमुळे, आणि इस्ट्रोजेन ओव्हरीतून येतं. म्हणजे गर्भाशय हे इथे नुसतं लक्षण आहे. उंची किती? एफएसएच, म्हणजे मेंदूकडून ओव्हरीला जाणारं हॉर्मोन, तपासलंय का?

सासुरवाशीण
अंग बाहेर येत असेल तर आधी जड उचलणं बंद करा. बद्धकोष्ठ राहू देऊ नका, कुंथायचं नाही.

तूपसाखर
अहो, लहान आहे, खाली उतरलेलं नाही.

होटगीरोडवाली
उंची ४ फूट ७ इंच. आमच्यात सगळे बुटकेच. एफएसएच ७१. हिमोग्लोबिन ८.४, लोहाच्या गोळ्या चार महिने चालू आहेत तरी. पोटाचं सगळं पुण्यात हॉस्टेलला गेल्यापासूनच. सुटीत घरी आली की आठ दिवसांत बरं वाटतं तिला.

तपासनीस
एफएसएच ७१ म्हणजे मेंदूकडून हाका चालू आहेत आणि ओव्हरी ओ देत नाही. जन्मतः गर्भाशयच नसण्याच्या प्रकारात एफएसएच सहसा नॉर्मल असतं, म्हणून तो बाजूला ठेवू. उंची कमी, पाळी नाही, एफएसएच चढलेलं: अशा वेळी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, आधी करतात. टर्नर सिंड्रोम (मुलीत एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) आहे की नाही ते त्यात कळतं. असलं तर हृदयाचा इको आणि किडनीची सोनोग्राफीही लागते, कारण तिथेही दोष असू शकतात. इस्ट्रोजेन हे हॉर्मोन एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर) अगदी कमी मात्रेने सुरू करून दोनतीन वर्षांत वाढवत नेतात. गर्भाशय त्याने वाढतं. शतावरीने त्या हॉर्मोनची जागा भरत नाही.

तूपसाखर
म्हणजे आयुर्वेदात काहीच नाही?

काढेवाला
आहे, पण नीट वाचा. चरकाने वीस योनिव्यापदांत (स्त्रीरोगांत) षण्ढी सांगितलीय. कारण बीजदोष, आणि शेरा ‘अनुपक्रमा’, म्हणजे उपचार लागू न पडणारी. तिथे फलघृताचा डबा उघडून काय होणार? वैद्याचं काम इथे पोटापुरतं.

भाकरतुकडा
हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन्ही वेळ पोळी असणार. घरी काय खाते?

होटगीरोडवाली
घरी ज्वारीची कडक भाकरी नि शेंगाचटणी. त्याचा काय संबंध?

तपासनीस
तोच तर संबंध. ज्वारीत ग्लुटेन हे प्रथिन नसतं, गव्हात असतं. टर्नरमध्ये सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यात आतड्याचं अस्तर खराब होतं, लोह शोषलं जात नाही, म्हणून गोळ्या लागू पडत नसतील. दुधातली साखरही पचेनाशी होते, फलघृत दुधातून दिलं असतं तर पोट आणखी गडगडलं असतं. सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए आणि सोबत टोटल आयजीए या रक्तचाचण्या करून घ्या. थायरॉइडची टीएसएचही त्याच रक्तात. तपासणीआधी पोळी बंद करू नका. गहू बरेच दिवस सोडला की चाचणी खोटी निगेटिव्ह येते. आठ दिवसांच्या भाकरीने फरक पडणार नाही, तेव्हा आत्ताच रक्त द्या.

भाकरतुकडा
भाकरी मालदांडीचीच हवी हं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. हायब्रिडला ती गोडी नाही.

काढेवाला
गोडीचा प्रश्न नाहीये ओ. आणि पीठ गिरणीत गव्हानंतर दळलं तर तेही बाधू शकतं.

होटगीरोडवाली
बरं, रक्त उद्याच देते. तोवर पोटासाठी हिंग्वाष्टक देऊ का? घरात आहे.

काढेवाला
पातळ चालू असताना मिरी-पिंपळी-सुंठ पोटात ढकलू नका. तूर्त जेवणानंतर ताजं पातळ ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव. ताकानेही फुगलं तर तेही बंद. आणि त्या हिंग्वाष्टकातला हिंग कुठला आहे ते बघा. बाजारच्या बांधणी हिंगात मैदा असतो. सीलिॲक निघाला तर पोळी बंद करूनही रोज चिमूटचिमूट गहू पोटात जात राहील. वरणाच्या फोडणीतला डबासुद्धा उलटा करून वाचा.