युद्धकर्जाची भित्तिपत्रके : पाकीटमारी की करार?

निवृत्त बँकवाला, नौपाडा

काल येथे एका सदस्याने जोसेफ पेनेल यांचे १९१८ सालचे अमेरिकी भित्तिपत्रक टाकले. शिर तुटलेली स्वातंत्र्यदेवता, मागे आगीत होरपळणारे न्यूयॉर्क आणि खाली कर्जरोखे घेण्याचे आवाहन. सोबत एकच ओळ होती : ‘सरकारने रंगीत कागद दाखवून केलेली पाकीटमारी.’ माझी उभी नोकरी रोखे आणि मुदतठेवींच्या खिडकीवर गेली, त्यामुळे ही ओळ मला फार झोंबली. रोखा हा करार असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा ‘ई’ मालिकेचा रोखा १८.७५ डॉलरना मिळे आणि दहा वर्षांनी त्याचे २५ डॉलर हाती पडत. सुमारे साडेआठ कोटी लोकांनी ते रोखे घेतले आणि सरकारने ठरलेली रक्कम फेडली. त्या काळात कारखाने रणगाडे बनवत होते, कामगारांच्या हाती पगार खुळखुळत होता आणि दुकानांत माल नव्हता. तो सगळा पैसा बाजारात उतरला असता, तर महागाईने गरिबाचेच कंबरडे मोडले असते. पैसा जमवण्याइतकेच तो खर्च होऊ न देणे हेही त्या चित्रांचे काम होते. याला पाकीटमारी म्हणणे हा रोखे घेणाऱ्या माणसांचाही अपमान आहे.

इतिहास शिक्षिका, वाशी

ती ओळ माझी आहे आणि मी ती मागे घेणार नाही. आपल्याच उदाहरणाचा हिशेब पूर्ण करते. १९४२ ते १९५२ या काळात अमेरिकेतील किमती साठ टक्क्यांहून अधिक वाढल्या आणि रोख्यावरचे व्याज दहा वर्षांचे मिळून तेहतीस टक्के होते. म्हणजे १८.७५ डॉलरमध्ये जेवढा किराणा आला असता, तेवढा दहा वर्षांनी २५ डॉलरमध्येही येत नव्हता. जर्मनीत तर पहिल्या महायुद्धात लोकांनी नऊ कर्जांत मिळून सुमारे ९८ अब्ज मार्क घातले आणि १९२३ च्या चलनफुगवट्यात त्या कागदांना रद्दीचीही किंमत उरली नाही. ब्रिटनचे १९१४ चे पहिले युद्धकर्ज लोकांनी पुरते उचललेच नाही. उरलेला भाग बँक ऑफ इंग्लंडने गुपचूप आपल्याच अधिकाऱ्यांच्या नावे घेतला आणि कर्ज भरून वाहिल्याची बातमी छापून आली. पुढे १९१७ च्या युद्धकर्जाचे पाच टक्क्यांचे व्याज १९३२ मध्ये साडेतीनवर आणले, तेही पुन्हा देशभक्तीलाच हाक घालून.

आपल्याकडची गोष्ट याहून कडू आहे. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने युद्धकर्ज काढले आणि ब्रिटनला दहा कोटी पौंडांची ‘भेट’ दिली. कर्जाचा पैसा त्या भेटीत गेला आणि व्याज मात्र इथल्या शेतसाऱ्यातून व करांतून फेडायचे होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधील युद्धपरिषदेत टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले. ज्याला सभेत दोन वाक्ये पुरी बोलू देत नाहीत, त्याच्याशी करार कसला?

सोनाराचा नातू, जांभळी नाका

आपण दोघे परदेशात फिरत आहात. माझ्या घरात १९६२ घडले, ते ऐका. चीनच्या युद्धात सरकारने सुवर्णरोखे काढले : पंधरा वर्षांची मुदत, साडेसहा टक्के व्याज. सोन्याचा भाव धरला तोळ्याला साडेबासष्ट रुपये, म्हणजे आंतरराष्ट्रीय दर, आणि बाजारात भाव होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्यांनी विश्वासाने सोने दिले, त्यांना १९७७ मध्ये नोटा मिळाल्या, आणि तोवर दहा ग्रॅमचा भाव चारशे रुपयांच्या पुढे गेला होता. त्यावरही मी गप्प बसलो असतो. पण जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवण्यास बंदी झाली. चौदा कॅरेटचे सोने हातोडीखाली बावीससारखे वळत नाही, आमच्या पिढीजात नक्षीकामात ते तडकते. आजोबांनी दुकान बंद केले आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात हमाली धरली. त्यांची फुंकणी आणि चिमटे अजून आमच्या माळ्यावर आहेत. देशभर कित्येक सोनारांनी जीव दिला. त्यांच्यासाठी कोणी भित्तिपत्रक काढले का?

निवृत्त बँकवाला, नौपाडा

आजोबांविषयी मला आदर आहे, परंतु सुवर्ण नियंत्रण हा वेगळा कायदा होता. आपण रोख्यांच्या चर्चेत विषयांतर करत आहात.

सोनाराचा नातू, जांभळी नाका

विषयांतर म्हणू नका! ज्या युद्धासाठी सोने मागितले, त्याच युद्धाचे कारण सांगून आमचा धंदा बंद केला. ज्याच्या घरची चूल विझली, त्याला ही दोन्ही एकाच सरकारची कृत्ये दिसतात. खिडकीच्या आत बसणाऱ्याला ती वेगळी दिसत असतील.

नेरूळहून एक गृहिणी

कृपया आवाज खाली आणा. १९६५ च्या युद्धात माझ्या सासूबाईंनी लग्नातल्या पाटल्या दिल्या, त्याही रोख्यावरच. त्या वेळी अट निराळी होती : सरकार पंधरा वर्षांनी सोन्याचे सोनेच परत देणार आणि वर्षाला दहा ग्रॅममागे दोन रुपये व्याज. रोख्याचा कागद त्यांनी देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता आणि दर दिवाळीला तो उघडून पाहत. ऑक्टोबर १९८० मध्ये सोने खरोखर परत मिळाले. पाटल्यांच्या आत सासऱ्यांचे नाव कोरलेले होते, ते अर्थात वितळून गेले होते. सासूबाई त्या तुकड्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिल्या, पण फसवले असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी १९६२ मध्ये बांगड्या संरक्षण निधीत दिल्या होत्या. ते दान होते आणि त्यांनीही कधी हिशेब मागितला नाही. आपण मात्र दान आणि कर्ज यांची गल्लत करून भांडत आहोत.

इतिहास शिक्षिका, वाशी

१९६५ चा रोखा प्रामाणिक होता, एवढे मान्य करते, आणि ते मान्य करणे मला जड जाते. पण तो प्रामाणिक ठरला, कारण परतफेड सोन्यात लिहिलेली होती. नोटांत लिहिली असती, तर १९६२ चेच झाले असते.

निवृत्त बँकवाला, नौपाडा

ब्रिटनमध्ये १९३२ साली ज्यांना नको होते, त्यांना मुद्दल परत घेण्याची मुभा होती, हे आपण गाळले. जर्मनीबद्दल आणि १९१७ च्या हिंदुस्थानबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ज्या देशात लोकांना मतच नव्हते, तिथे रोख्याला करार म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. साडेबासष्ट रुपयांचा भावही मी विसरलो होतो. तो आठवला असता, तर मी ‘करार’ हा शब्द इतक्या सहज वापरला नसता. ‘पाकीटमारी’ला माझा विरोध कायम आहे.

सोनाराचा नातू, जांभळी नाका

ताई, सासूबाईंनी त्या सोन्याचे पुढे काय केले?

नेरूळहून एक गृहिणी

माझ्या नणंदेच्या लग्नात त्याच्या पाटल्याच केल्या, ठाण्यालाच. नाव पुन्हा कोरून घेतले.