मदत हवी आहे : मराठीत गोड शेवटाची क्विअर प्रेमकथा?

अकरावीतल्या भाचीने दोन मुलींच्या प्रेमाची एक इंग्रजी कादंबरी दिली, मी दोन रात्रींत संपवली. छत्री एकच, दोघींचा एकेक खांदा भिजलेला. त्या पानावर माझा चहा गार झाला! आता असंच काही मराठीत हवंय, आईलाही वाचायला देता येईल असं.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची तीन दुकानं पालथी घातली. ‘किशोर साहित्य’ म्हटलं की शौर्यकथाच पुढे येतात. सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) वाचलंय, पुण्याचंच आहे, पण त्यात विरह फार. तेंडुलकरांचं नाटक ‘मित्राची गोष्ट’ तर शोकांतिकाच. ई-बुक नको, आई छापीलच वाचते. अनुवाद चालेल.

पंधरा-अठरा वयाची पात्रं आणि शेवटी कुणी मरत नाही, असं एखादं पुस्तक माहितीये का? पुण्यात कुठे मिळेल?