लहानपणी चुकीच्या कळलेल्या म्हणी, मुलांना खरा अर्थ लगेच सांगायचा का?

अक्षरओळख:
परवा फोनवर बोलता बोलता मी "चोराच्या उलट्या बोंबा" म्हणाले, तर मुलगा (वय ७) खेळ टाकून जवळ आला आणि अगदी काळजीने विचारलं, "आई, चोराला उलट्या होतायत का? औषध नाही दिलं त्याला?" मला लगेच काही सांगवेना, त्याला खरंच त्या चोराची दया आली होती. मग आठवलं की मलापण कितीतरी वर्षं "पळसाला पाने तीनच" म्हणजे आख्ख्या झाडाला मिळून तीन पानं असं वाटायचं आणि ते बिचारं झाड कसं जगत असेल म्हणून जीव तुटायचा. पुढे मावशीने एक डहाळी हातात दिली, एका देठाला तीन पानं, दोन समोरासमोर आणि एक टोकाला, दुसरा देठ बघितला तरी तेच, तिसरा बघितला तरी तेच. कुठेही जा माणसं इथून तिथून सारखीच, हे तेव्हा आपोआप उमगलं, कुणी अर्थ सांगावा लागला नाही.

तुम्हाला कुठल्या म्हणी भलत्याच कळल्या होत्या? आणि मुलांना अर्थ लगेच सांगून टाकावा की त्यांचा त्यांना सापडू द्यावा? मनापासून विचारतेय.

रानपाखरू:
माझी म्हण "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही". घरात "शुंभासारखा काय उभा राहिलास" हे रोज ऐकलेलं, त्यामुळे शुंभ नावाचा कुणीतरी मुलगा आहे, तो भाजला आणि त्याच्या पोटातला पीळ काही केल्या जाईना असं मी धरून चाललो होतो. आजोबांना विचारलं तर ते काही बोलले नाहीत, उठून काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा आणला (सुंभ म्हणजे तीच, नारळाच्या काथ्याची दोरी), पत्र्याच्या झाकणावर ठेवला आणि पेटवला. हळूहळू सगळा जळला, राखाडी झाला, पण आकार तस्साच, एकेक वेढा मोजता येईल इतका स्पष्ट. आजोबा म्हणाले आता बोट लाव. बोट लावलं आणि भुगा झाला. हट्टी माणसाचं सगळं गेलं तरी ताठा जात नाही हे मला त्या झाकणावर दिसलं. त्यामुळे ताई, माझं मत, दाखवता येत असेल तर दाखवा, सांगू नका.

उंबरठा:
मी थोडी वेगळ्या मताची आहे, लगेच सांगा. "उचलली जीभ लावली टाळ्याला" यातला टाळा म्हणजे टाळू, तोंडाचा वरचा भाग, पण मला वाटायचं टाळं, कुलूप, आणि "टाळ्याला" हे रूप दोन्हीचं सारखंच होतं ना, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. जिभेला कुलूप घालून गप्प बसणं असा अर्थ धरून निबंधात लिहिलं, "पाहुण्यांसमोर मी उचलली जीभ लावली टाळ्याला". म्हणजे नेमकं उलट, विचार न करता बडबडले असं झालं. वर्गात ते मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, सगळे हसले, पण खरा अर्थ काय ते कुणीच सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी म्हण वापरायलाच घाबरायचे. मूल चुकणारच, पण चारचौघांत कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

जुनी_पाटी:
"दुष्काळात तेरावा महिना" ऐकून मी कॅलेंडर भिंतीवरून काढून डिसेंबरच्या मागे अजून एक पान चिकटलंय का ते नखाने सोडवून बघितलं होतं. तेरावा महिना खरा असतो हे फार उशिरा कळलं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं, दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडत जातो आणि तो भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना येतो, २०२३ ला श्रावण दोनदा आला होता तसा. आता दुष्काळाच्या वर्षी घरातलं धान्य पुरवून पुरवून खायचं आणि त्यात अजून एक महिना काढायचा, हे डोळ्यासमोर आणलं की म्हणीतलं दुःख कळतं.

"काखेत कळसा" चं पण तेच, मी देवळाचा कळस समजायचो. कळसा म्हणजे पाण्याची घागर. भांडंच घरातून गेलं तर पोरांना शब्द कुठून कळणार?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची आवृत्ती, ऑनलाइन फुकट बघायला मिळतो, जुन्या शब्दांसाठी मी तोच उघडतो.

पाऊलखूण:
"कर नाही त्याला डर कशाला" मधला कर म्हणजे मला टॅक्स वाटायचा. हा कर "करणे" मधला, वाईट काही केलंच नाही तर भ्यायचं कशाला. आणि "गोगलगाय न् पोटात पाय" ऐकून ती गाईचीच जात वाटायची. पण पोटात पाय हे अगदी खरंय, काचेवरून चालणारी गोगलगाय खालून बघा, पोटाचा सपाट स्नायू लाटेसारखा हलत पुढे सरकतो, तोच तिचा पाय. शास्त्रातलं गॅस्ट्रोपॉड हे नावसुद्धा पोट आणि पाय याच दोन शब्दांवरून आलंय. मुलाला नक्की दाखवा.

अक्षरओळख:
सगळ्यांचे खूप आभार. उंबरठाताई, तुमचं वाचून त्याच रात्री त्याला सांगितलं की ही उलटी म्हणजे आजारपणातली नाही, चोरी ज्याने केली तोच उलट दुसऱ्यावर ओरडतो म्हणून उलट्या बोंबा. त्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही. आज दुपारी आतून दोघा भावंडांचं भांडण ऐकू आलं, पेन्सिल कुणी घेतली यावरून, ताईच जास्त ओरडत होती, आणि पेन्सिल निघाली तिच्याच दप्तरात. हा धावत माझ्याकडे आला, "आई, आई, आपल्या घरात पण उलट्या बोंबा झाल्या!"

उद्या काथ्याची दोरी शोधते.