शनिवार घराचा की तरुण संघाचा?

ग्रुप: दोन्ही घरची मंडळी

अनिकेत: सगळ्यांना सलाम. जरा लांब लिहितोय, सवडीनं वाचा. चर्चच्या कमिटीला एक पत्र द्यायचं आहे. त्याआधी घरातल्या मोठ्यांचं मत हवंय.

चर्चचा सेवक म्हणून माझ्याकडे असलेलं तरुण संघाचं काम कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलं कॉलेजातून, नोकरीवरून संध्याकाळी मोकळी होतात, तेव्हा माझं काम सुरू होतं. शनिवारी संघाची सभा. रविवारी संडे स्कूल, उपासना, दुपारनंतर घरभेटी. नोव्हेंबर लागला की गाण्यांचा सराव, मग कॅरल राउंड, नाताळ, 31 डिसेंबरची मध्यरात्रीची उपासना. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते आणि आमची सुट्टीतली बायबल शाळा, तरुणांचं शिबिर सुरू होतं. सगळ्यांची मुलं मोकळी असतात तेव्हा मी कामावर असतो, आणि त्या मुलांत माझीही दोन आली. सोमवारी मला सुट्टी, तेव्हा ईशान शाळेत आणि तारा बालवाडीत.

संघातल्या मुलांशी बोलताना एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे वडील. बारावीत नापास झालेला असो, हिंजवडीतली नोकरी गेलेला असो, ठरलेलं लग्न मोडलेली मुलगी असो, बोलणं थोड्या वेळानं घरावर येतं आणि घरावरून पप्पांवर. मारकुटे किंवा पिणारे वडील त्यात थोडे. बहुतेकांचे पप्पा कष्टाळू आहेत, फी वेळेवर भरणारे आहेत. मुलांचं म्हणणं एवढंच असतं की त्यांना आमचं काही माहीतच नव्हतं. कुणाशी भांडण झालं, कोणता विषय जड जातोय, रात्री झोप का लागत नाही, हे ती मुलं मला सांगतात, कारण मी विचारतो आणि ऐकत बसतो. तेच ऐकणं माझ्या घरी कुणाच्या वाट्याला यायला हवं, हा प्रश्न मला सोडत नाही.

आणि सेवकाच्या घरात एक धोका जास्तीचा असतो. आयटीतल्या माणसाचा मुलगा चिडला तर कंपनीवर चिडेल. सेवकाचा मुलगा कुणावर चिडणार? घरातून निघताना आपण सांगतो, देवाचं काम आहे. मुलाच्या मनात हळूहळू हिशोब बसतो की पप्पांना घेऊन जातो तो देव. पुढे तो मोठा होतो, चर्चची पायरी चढत नाही आणि आपण म्हणतो, जगाच्या नादी लागला. माझ्या मुलांनी माझ्यावर रुसावं, देवावर रुसू नये.

म्हणून शनिवारची सभा संघातल्याच दोन तरुण जोडप्यांनी चालवावी असं मनात आहे. त्यांची तयारी आठवड्यात मी करून घेईन. शनिवारी दुपारपासून मी घरी. तुम्हाला काय वाटतं?

मोठे काका: सलाम. वाचलं. मन दुखवायचं नाही, पण स्पष्ट लिहितो. सेवा ही ड्युटी नाही बेटा, पाचारण आहे. मी नेवासे तालुक्यात सायकलवरून गावं केली, पावसाळ्यात ओढे ओलांडले. मिशनरी विल्यम कॅरी 1793 साली हिंदुस्थानात आले आणि 1834 साली श्रीरामपूरला वारले (बंगालमधलं, आपलं नव्हे). मधल्या 41 वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. असा माणूस शनिवार मोजत बसला असता तर 1805 साली मराठीचं व्याकरण कुणी छापलं असतं? 1811 साली मराठी नवा करार कुठून आला असता?

ताई (सोलापूर): काका, कॅरींचं योगदान मी वर्गात दर वर्षी शिकवते, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्या घरात डोकावून पाहा. 1794 मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापानं गेला. त्यांच्या पत्नी डोरोथीबाईंचं मन त्या सुमारास ढासळलं ते पुन्हा सावरलं नाही, 1807 मध्ये त्या वारल्या. 1800 मध्ये ही मंडळी श्रीरामपूरला आली तेव्हा पोरांना कसलंही वळण नव्हतं. त्यांना हाताशी धरलं ते तिथल्याच मिशनमधल्या हॅना मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी. थोरला फेलिक्स पुढे मिशनरी होऊन ब्रह्मदेशात गेला, तो वॉर्डच्या सहवासात सुधारला. कॅरी भाषांतर करत होते तेव्हा त्यांच्या मुलांकडे दुसरं कुणीतरी पाहत होतं. व्याकरणाचं श्रेय देताना हॅनाबाईंचंही नाव घ्या ना.

मोठे काका: हॅनाबाईंनी शाळा काढल्या हे ठाऊक होतं. मुलांचं एवढं सविस्तर ठाऊक नव्हतं.

काकी: मी काकी. नात टाइप करतेय, मी सांगतेय. यांच्या सायकलीबद्दल मला आजही अभिमान आहे. पण अनिकेतशी तुलना करू नका. आम्ही मिशन कंपाउंडमध्ये राहायचो. शेजारी मास्तरांचं घर, पलीकडे दवाखान्यातल्या बाईंचं, समोर पाळकांचं. हे गावांना गेले की माझी मुलं या तिन्ही घरांत जेवायची. धाकट्याला गणित मास्तरांनी शिकवलं, पोहायलाही त्यांनीच नेलं. रात्री मुलाला ताप भरला तर दवाखान्यातल्या बाई उशाशी बसायच्या. मी एकटी कधीच नव्हते. अनिकेतची बायको रूथ पाचव्या मजल्यावर राहते, समोरच्या दाराला बाहेरून कुलूप. तिच्याकडे मास्तर कुठून येणार? यांची सेवा आणि अनिकेतची सेवा एकच असेल, पण घरं एकसारखी राहिली नाहीत.

ताई (सोलापूर): काकी, अगदी मुद्द्याचं. श्रीरामपूरलाही तसंच होतं, सगळी कुटुंबं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. म्हणून तर हॅनाबाईंच्या नजरेला ती मुलं पडली.

प्रशांत (रेल्वे): एक विचारू का? माझी मुलगी झाली तेव्हा मला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळाली. केंद्र सरकारच्या सगळ्या पुरुष कर्मचाऱ्यांना ती आहे, पहिल्या दोन मुलांपर्यंत. चर्चच्या सेवकाला असं काही असतं का? पत्रात तेही घाल. तू तारा झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी कुठल्याशा लग्नात गात होतास, मला आठवतंय.

अनिकेत: लेखी नियम काही नाही. संघातली दोन जोडपी लवकरच आईबाप होतील, त्यातला एक जण आमच्याच चर्चच्या ऑफिसात आहे. त्याच्यासाठी तरी घालतो.

रूथ: आता मी लिहू का? सगळे माझ्या वतीनं बोलताय, बरं वाटलं. पण मी बिचारी वगैरे नाही. बँकेतली माझी नोकरी घराचा हप्ता भरते आणि अनिकेतची सेवा मला मनापासून मान्य आहे, लग्नाच्या आधीपासून. माझं म्हणणं वेगळं आहे. शनिवार मिळाला तरी फोन घरातच राहणार. संघाच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज येतात, जेवताना ताट बाजूला आणि फोन हातात. तारा काही सांगत असते आणि मधेच थांबते, कारण तिला कळतं की पप्पा स्क्रीनकडे बघताहेत. चार वर्षांच्या पोरीला हे कळतं. मला शनिवार हवाच आहे, पण फोन कपाटात ठेवलेला शनिवार हवा.

दुसरं, शनिवारी घरी म्हणजे पाहुण्यासारखं घरी नको. ईशानचं विज्ञान, ताराची अंघोळ, भाजी, इस्त्रीवाल्याचा हिशोब, सगळं त्या दिवशी अनिकेतकडे. मुलांना बाप कळतो तो अशा कामांतून.

ताई (सोलापूर): रूथला पूर्ण पाठिंबा. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता आणि पुरुषांचा 97. आणि त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष होते साधारण चौघांत एक.

आत्या (मिरज): मी ड्युटीवरून रिटायर झाले तरी डोकं वॉर्डातच असतं, म्हणून तिथलंच सांगते. नर्सिंगमध्ये आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते हँडओव्हर. शिफ्ट संपली की येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायचं, याचं सलाईन कितीला संपेल, त्याची शुगर कधी तपासायची, हिचे नातेवाईक घाबरलेत, दोन शब्द बोल. मग सही करायची आणि निघायचं. जी सिस्टर 'माझ्याशिवाय पेशंटला कळणार नाही' म्हणून थांबते ती चार महिन्यांत आजारी पडते, आणि तिच्या वॉर्डात दुसरी कुणी तयारही होत नाही. अनिकेत, त्या जोडप्यांना नुसती सभा देऊ नकोस. कोण मुलगा कशातून जातोय ते मुलांच्या परवानगीनं त्यांनाही कळू दे. नाहीतर ती गाणी घेतील, चहा देतील, आणि खरं बोलायला मुलं रात्री तुलाच फोन करतील.

अनिकेत: आत्या, हे फार मोलाचं. परवानगीनं, हा शब्द लक्षात ठेवतो. काही गोष्टी मुलांनी फक्त माझ्यापाशी सांगितल्यात, त्या माझ्यापाशीच राहतील.

आबा (रूथचे वडील): अनिकेतराव, सलाम. मी सासरा, त्यामुळे बोलावं की नाही असा विचार करत होतो. पण पवित्र शास्त्रात अशीच एक सासऱ्याची गोष्ट आहे. निर्गम, अध्याय 18. मोशेनं पत्नी सिप्पोरा हिला माहेरी पाठवलेलं असतं. तिचा बाप इथ्रो तिला आणि गेर्षोम, अलिएजर या दोन नातवांना घेऊन रानात जावयाच्या छावणीवर येतो. मोशे सासऱ्याला सामोरा जातो, नमन करतो, डेऱ्यात नेऊन सगळी हकिकत सांगतो. बायकोमुलांशी काय बोलला ते तिथे लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्यायनिवाड्याला बसतो तो संध्याकाळपर्यंत, लोक भोवती उभे. इथ्रो हे सगळं पाहतो आणि म्हणतो, हे बरं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, मोठं प्रकरण तेवढं तुझ्याकडे येऊ दे.

मी चाळीसेक वर्षं शाळेत हा धडा कारभाराचा म्हणून शिकवला. रूथचं लग्न झाल्यावर पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आलं की तो माणूस मुलीला आणि नातवांना सोडायला आलेला बाप होता. त्यानं जावयाला तू काम सोड असं म्हटलं नाही. वाटून घे म्हटलं. आणि मोशेनं ऐकलं. तुमचं पत्र मला त्याच वाटेनं जाणारं वाटतं.

मोठे काका: आबासाहेब, तुम्ही हे फार नेमकं मांडलंत. मग एलीचाही दाखला निघायला हवा, कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. शिलो येथे याजक एलीनं हन्नाचा मुलगा शमुवेल वाढवला, त्याला देवाची हाक ओळखायला शिकवलं. दुसऱ्याचं लेकरू संदेष्टा झालं. स्वतःचे हफनी आणि फिनहास मात्र हाताबाहेर गेले. पुढे शमुवेलाचंही तेच. त्याचे योएल आणि अबीया बैरशेबा येथे लाच खाऊ लागले. तरुणांमध्ये काम करणाऱ्यानं हे अध्याय वरचेवर वाचावेत.

पण अनिकेत, नीट वाच. देवानं एलीला दोष दिला तो मंदिरात बसल्याबद्दल नाही. मुलं काय करतात हे माहीत असून त्यांना आवरलं नाही, याबद्दल दिला. वडील घरात असणं आणि वडिलांनी वडील होणं यात अंतर आहे. रूथनं इस्त्रीवाल्यापर्यंत सगळं लिहिलं ते मला म्हणूनच पटलं. माझा एक आग्रह मात्र राहील. कुणाच्या घरी मयत झाली, कुणी दवाखान्यात अत्यवस्थ आहे, तिथे शनिवार नसतो. तिथे जायचं.

रूथ: काका, तिथे मीच त्याला आधी पाठवेन.

अनिकेत: मान्य आहे. अजून एक गोष्ट विचारायची होती. यंदा नाताळच्या नाटकात काम करायला ईशाननं नकार दिलाय. दर वर्षी तो पुढे असतो, म्हणून मंडळीतल्या काही जणांनी मला विचारलं की सेवकाचाच मुलगा मागे कसा. त्याला जबरदस्ती करावी असं मला वाटत नाही.

आत्या (मिरज): अजिबात करू नकोस. दहा वर्षांचा आहे तो. कलस्सैकरांस पत्र, 3:21 काढ. बापांनी मुलांना चिडीला आणू नये, ती खिन्न होतील. पौलानं हे आयांना नाही लिहिलं, बापांना लिहिलंय.

मोठे काका: माझं मत वेगळं आहे. मुलांनी मंडळीत उभं राहायला शिकावं. पण का नको म्हणतोय ते आधी विचारलंस का?

अनिकेत: विचारलं. आवाज फुटायला लागलाय असं त्याला वाटतं, गाताना वरचे सूर लागत नाहीत आणि मुलं हसतात. त्याला पडद्यामागे माईक आणि दिवे सांभाळायचे आहेत.

मोठे काका: मग सांभाळू दे. हे कारण असेल तर मी काही म्हणत नाही. मंडळीत विचारणाऱ्यांना सांग, आमच्या काकांनी परवानगी दिलीय.

अनिकेत: पत्राचा मसुदा टाकतो, बघा:

"आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटी, सलाम. येत्या महिन्यापासून तरुण संघाची शनिवारची सभा संघातल्या दोन जोडप्यांकडे सोपवावी अशी विनंती आहे. त्यांची नावं संघाशी बोलून ठरवली आहेत. त्यांची तयारी दर गुरुवारी मी करून घेईन आणि महिन्यातून एका शनिवारी स्वतः हजर राहीन. इतर शनिवारी दुपारपासून मी माझ्या कुटुंबासोबत असेन. मयत किंवा गंभीर आजार असेल तर कोणत्याही वेळी बोलवावं. तसंच चर्चच्या सेवकांना आणि कर्मचाऱ्यांना अपत्यजन्माच्या वेळी 15 दिवसांची पितृत्व रजा देण्याचा नियम लेखी करावा, ही नम्र विनंती."

रूथ: "महिन्यातून एका शनिवारी" कुठून आलं? आपलं असं ठरलं नव्हतं.

अनिकेत: जोडपी नवीन आहेत, सुरुवातीला आधार लागेल म्हणून.

रूथ: मग "पहिले तीन महिने" असं लिही. नाहीतर तो शनिवार कायमचा होईल.

आबा (रूथचे वडील): रूथचं बरोबर आहे. मुदत घाला.

मोठे काका: मुदत घाल आणि पत्र मला पाठव. पाळकसाहेबांचे वडील माझ्याबरोबर नेवाशाला होते. रविवारी उपासनेनंतर मी स्वतः येतो, आपण दोघं मिळून देऊ.