भिशीला अख्खा भाजलेला बटाटा, ज्याचा त्यानं भरून घ्यायचा. कुणी केलंय का?

नागाळापार्क:

नमस्कार मंडळी. आमच्या भिशीचा पुढचा नंबर माझ्याकडे आहे. आखाड संपायच्या आत, शनिवारी संध्याकाळी. बायका अठरा. मिसळ, पावभाजी, दाबेली सगळ्यांचं करून झालंय. मागच्या वेळी एकीनं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा ठेवला, त्याचं कौतुक अजून ग्रुपवर चालूच आहे, त्यामुळे माझी पंचाईत झालीय.

भाची इंग्लंडला असते. तिकडे अख्खा बटाटा सालासकट ओव्हनमध्ये भाजतात, वरून चिरतात आणि लोणी, चीज, बीन्स असं काय काय घालून तेच जेवण म्हणून खातात. तिच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज असतो म्हणे. मला वाटलं, टेबलावर दहा-बारा वाट्या मांडाव्यात, जिला जे हवं ते तिनं घ्यावं, आणि यजमानीण म्हणून मी पण दोन घटका बसावं.

अडचणी अशा:
ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) अठ्ठावीस लिटरचा आहे, त्यात एवढे बटाटे बसणार कसे?
दोघींचा शनिवार असतो, त्या उपवासाचंच खातात. एक मैत्रीण जैन आहे, ती बटाटा खात नाही. बाकीच्यांपैकी निम्म्या आखाड म्हटल्यावर मटणाची वाट बघत असणार.
आणि मुख्य म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या तोंडाला हे लागेल का? बटाटा म्हणजे आपल्याकडे भाजी नाहीतर वडा. नुसता बटाटा जेवायला घातला म्हणून नाव ठेवतील, ही भीती आहेच.

पेठेतला:

वहिनी, एवढा विचार कशाला. बटाट्यावर तांबडा रस्सा ओता, विषय संपला. 😄

शाहूपुरीची_आत्या:

पेठेतल्या भावा, रस्सा ओतलास की तो आमटीतला बटाटा झाला, त्यासाठी ओव्हन कशाला तापवायचा? रस्सा ठेवा, पण वाटीत, बाजूला. पिणारे पितील.

नागाळापार्क ताई, मी घरगुती ऑर्डरी घेते आणि हा प्रकार वाढदिवसांना बऱ्याचदा करते, म्हणून जरा लांबण लावते. वाट्यांचा विचार नंतर करा. सगळे वाट्या सजवण्यात जीव काढतात आणि बटाटा मात्र गार, चिकट. खरं जेवण बटाटा आहे, तो गरम आणि आतून कोरडा, भुसभुशीत आला पाहिजे. तसा आला तर लोणी-मिठावर पण बायका खुश होतात.

आधी बटाटा कुठला घ्यायचा ते. अंगठ्यानं साल निघतं तो नवा बटाटा नको, तो पाणचट असतो. बाजारात 'वेफर्सचा बटाटा द्या' म्हणा. चिप्सोना वगैरे जाती त्यासाठीच काढलेल्या आहेत. त्यात पिष्ट जास्त, पाणी कमी, साखर कमी. मंडईतला माणूस जातीचं नाव सांगेलच असं नाही, म्हणून घरी आणून तपासा. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटा सोडा. तळाला बसला तर पिठूळ, भाजायला चांगला. तरंगला तर तो रस्साभाजीला ठेवा.

पावसाळ्यात येणारा बराचसा माल कोल्ड स्टोरेजचा असतो. फार थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते, मग भाजल्यावर चव गोडसर लागते. म्हणून आठ-दहा दिवस आधी आणून, अंधाऱ्या कोपऱ्यात बुट्टीत मोकळा पसरून ठेवा. साखर बरीचशी उतरते. फ्रीजमध्ये तर अजिबात नको. हिरवी झाक आलेला किंवा मोड फुटलेला आला तर तो बाजूला काढा, साल खायचं आहे आपल्याला.

आकार सगळे सारखे घ्या, किलोत चार ते पाच बसतील असे. अठरा जणींना पाच किलो आणले की तीन-चार जादा राहतात.

आता भाजणं. काथ्यानं घासून धुवा आणि पंच्यानं अगदी कोरडे पुसा. काट्यानं पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेनं एखादा फुटतो. तेलाचा हात, जाड मीठ, आणि 200 डिग्रीवर थेट जाळीवर. ट्रेमध्ये ठेवलात तर खालची बाजू घाम धरते. एवढ्या आकाराला तास ते सव्वा तास लागतो. सुरी घातल्यावर लोण्यात गेल्यासारखी जायला हवी.

अठ्ठावीस लिटरमध्ये आठ-नऊच बसतील. त्याहून जास्त कोंबलेत तर एकमेकांच्या वाफेत उकडतात. यावर दोन उपाय आहेत. एक, मायक्रोवेव्ह असेल तर चार-चार बटाटे आठ-दहा मिनिटं आधी शिजवून घ्यायचे, मध्ये एकदा उलटायचे, आणि ओटीजीत शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सालाला कडकपणा आणायचा. दोन घाण्यांत काम होतं. कुकरला लावू नका. पाणी धरलेला बटाटा नंतर कितीही भाजा, भुसभुशीत होत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे बेकरीत भाजायला देतो की नाही? तसेच बटाटे द्या. तुमच्या भागात लाकडाची भट्टी असलेली बेकरी असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारा, पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी मोकळी कधी असते. उतरत्या आचेत बटाटा फार सुंदर होतो, साल पापडासारखं. पावसात लाइट गेली तरी काळजी नाही. बटाटे गेल्यावर भट्टीवाल्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते बघण्यासारखे असतात. त्याला दोन बटाटे लोणी लावून खायला द्या, पुढच्या वेळी तोच विचारेल.

घरी आणताना पंच्यात गुंडाळून बुट्टीत आणा. हॉटपॉटात झाकून ठेवू नका, साल ओलं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बटाटा पानात घ्यायच्या वेळीच चिरायचा. वरून फुली मारायची, दोन्ही हातांनी खालून दाबायचा, म्हणजे आतला गर फुलून वर येतो आणि वाफ बाहेर पडते. ती वाफ आत राहिली तर दहा मिनिटांत गर चिकट होतो. हे काम तुम्ही स्वतः टेबलाच्या तोंडाशी उभं राहून करा. बसायला नंतर मिळेल. 😀

मांडणीत क्रम महत्त्वाचा. इस्तंबूलला ओर्ताकोय भागात कुम्पीर म्हणून असाच बटाटा विकतात. ते लोक आधी लोणी आणि किसलेलं चीज सालाच्या आतच गरम गरात घोटतात आणि मग वर बाकीचं घालतात. ही युक्ती घ्याच. नुसतं वरून चीज टाकलं तर दोन घासांत संपतं आणि खाली कोरडा बटाटा उरतो. म्हणून आधी लोणी, मीठ, मिरपूड, चीज आणि एक मजबूत काटा. त्यानंतर गरम पदार्थ, मग गार, आणि कुरकुरीत सगळ्यात शेवटी. शेव पहिल्यांदा ठेवलीत तर निम्म्या बायकांचा द्रोण तिथंच भरतो. टेबल भिंतीला लावू नका, दोन्ही बाजूंनी रांग जाऊ दे.

कोल्हापूरच्या तोंडाचं म्हणाल तर टिनमधले बीन्स विसरा. मोड आलेल्या मटकीची उसळ, कांदा-लसूण मसाल्यातली, पण अंगाबरोबर रस ठेवलेली. अर्धा किलो सुकी मटकी पुरते. कट वेगळा, छोट्या किटलीत, जिला हवा ती एक चमचा घेईल. मटणाचा खिमा सुका, तेल सुटेपर्यंत परतलेला, दहा जणींना किलोभर. गारात चक्का, एक किलो. थोडं दूध घालून फेटा, मीठ, जिरेपूड. गरम बटाटा, तिखट खिमा आणि वर गार चक्का, हे एकत्र आलं की कुणी नाव ठेवत नाही. कांद्याची पात, कोथिंबीर, लिंबू. हिरव्या मिरचीचा खर्डा दाण्याचा कूट घालून जरा मवाळ करा. शेव आणि भडंग आयत्या वेळी डब्यातून काढा, पावसाळी हवेत उघडं ठेवलं तर अर्ध्या तासात सादळतं. लोणी अर्धा किलो, चीज पण तेवढंच. एवढं झालं की थांबा. दहाच्या वर वाट्या झाल्या की प्रत्येकीच्या बटाट्याची एकच चव होते.

वाढायला पानांचे खोलगट द्रोण घ्या, सपाट प्लेटमध्ये बटाटा लोळतो. चमचे स्टीलचे. लाकडी चमचा सालावर मोडतो.

नागाळापार्क:

आत्या, काय लिहिलंय! बेकरीचं डोक्यातच आलं नव्हतं. पण एक शंका. आदल्या रात्री फॉइलमध्ये गुंडाळून भाजून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी नुसते गरम केले तर? व्हिडिओत सगळे फॉइलमध्येच भाजतात.

कावळानाका:

हे मात्र करू नका ताई. मी अन्न तपासणीच्या क्षेत्रात आहे म्हणून बोलतो. चवीचं सोडा, फॉइलमध्ये बटाटा भाजत नाही, वाफवतो, एवढं आत्याही सांगतील. खरा धोका नंतरचा आहे. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते बटाट्याच्या सालावर येतात आणि ओव्हनच्या आचेत मरत नाहीत. फॉइल गच्च असेल तर आत हवा नाही, ओल आहे, आणि खोलीचं तापमान. त्यांना वाढून विष तयार करायला हेच हवं असतं.

1994 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो इथं एका हॉटेलात असे फॉइलमधले भाजलेले बटाटे काही दिवस बाहेरच ठेवले होते, त्यांचं पुढे डिप केलं. 30 जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. वास किंवा चवीवरून ओळखता येईलच असं नाही.

भाजले की गरमच खायचे, किंवा 60 डिग्रीच्या वर ठेवायचे. उरले तर फॉइल न लावता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. खिमा आणि चक्क्यालाही हाच नियम. चक्का थोडा थोडा बाहेर काढा, बाकीचा आत राहू दे.

शाहूपुरीची_आत्या:

दादांनी नेमकं सांगितलं. आदल्या दिवशी करायचंच असेल तर चक्का बांधा, मटकीला मोड आणा, चीज किसून ठेवा, खर्डा कुटा. बटाटा त्याच दिवशी.

शनिवारवाल्या दोघींसाठी वेगळं छोटं टेबल करा, मोठ्या टेबलाच्याच एका टोकाला मांडू नका. खिम्याचा चमचा चुकून इकडे आला तर त्यांची संध्याकाळ गेली. साजूक तूप, सैंधव, दाण्याचा कूट, जिरं-मिरचीचा ठेचा, गोड दही, आणि शेवेच्या जागी उपवासाचा बटाट्याचा कीस तळून. त्यांचे बटाटे भाजताना पण तेलाऐवजी तूप लावा. हा उपवासाचा बटाटा बघून बाकीच्या बायका तिकडे वळतात, म्हणून जरा जास्तच ठेवा.

जैन मैत्रिणीला कच्चं केळं. सालासकट टोचून 200 वर पंचवीस-तीस मिनिटं. साल काळं पडतं, ते टाकायचं. आतला गर लोण्यात घोटला की बटाट्याच्या जवळ जातो, फक्त लवकर घट्ट होतो, म्हणून तिला अगदी गरम द्या. तिच्यासाठी कांदा-लसणाशिवाय काहीतरी हवं. पनीर, मका, टोमॅटो चालेल, पण मोडाची मटकी चालते का ते तिलाच विचारा, काही जण मोड खात नाहीत. आणि चातुर्मास लागला असेल आणि ती सूर्यास्ताआधी जेवत असेल, तर तिचं पान साताच्या आत वाढा. बाकीच्या यायच्या आत ती जेवून बसली म्हणून काही बिघडत नाही.

पेठेतला:

आत्या, रश्श्याचं मागे घेतो. पण खिमा दहा जणींना किलोभर? कोल्हापूर आहे हे.

शाहूपुरीची_आत्या:

बरं, दीड किलो घ्या. उरला तर दुसऱ्या दिवशी पावाबरोबर.

नागाळापार्क:

राजारामपुरीतल्या एका भट्टीवाल्याला विचारून आले. शनिवारी दुपारी चारनंतर भट्टी मोकळी आहे म्हणाला, साडेपाचला न्यायला या. बटाटे म्हटल्यावर आधी हसला, मग विचारलं, "किती आणणार? आमच्या पोरांना पण चार घाला त्यात." सहा किलो सांगून आलेय.